सरपंचकीचा लिलाव आणि ओस पडलेली ग्रामसभा

उमराण्याचा बाजार कांद्याच्या लिलावाबद्दल प्रसिद्ध आहे. नाशिक जिल्ह्याच्या देवळा तालुक्यातले हे गाव. शेतकरी पहाटेस ट्रॅक्टर भरून तेथे जातो, व्यापारी ढिगात हात घालून कांदा चाचपतो, बोली पुकारली जाते, आणि चार महिने गाळलेल्या घामाचे मोल घटकाभरात ठरते. हा लिलाव आमच्या अंगवळणी पडला आहे. परंतु 2020 साल सरता सरता त्याच गावी दुसऱ्या एका मालाचा लिलाव झाला, आणि तो माल म्हणजे गावची सरपंचकी! बोली 2 कोटींच्या वर गेली व पैसा देवळाच्या कामास द्यावयाचा ठरला, असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून छापून आले. नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी गावीही तसाच प्रकार घडला. तेथील बोली 42 लाखांची असल्याचे प्रसिद्ध झाले. राज्य निवडणूक आयोगाने चौकशी केली आणि जानेवारी 2021 मध्ये दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली.

त्या महिन्यात महाराष्ट्रात 14 हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या. त्यांतून पकडली गेली ती ही दोन गावे. ज्या गावी दार लावून आणि दिवा मालवून सौदा होतो त्या गावाचे नाव कोणी छापीत नाही. पंचक्रोशीत मात्र ते पोराटोरांसही ठाऊक असते.

कोणी म्हणेल, या गोष्टीस वर्षे लोटली, मास्तर आज ती का उकरून काढतात? कारण असे की, पारावर बसलेल्या दहा माणसांस विचारा, त्यांतील सहाजण अजूनही या लिलावाची तरफदारी करितात. निवडणूक आयोगाने निवडणूक रद्द केली, पण आमच्या मनातून लिलाव रद्द झाला नाही. म्हणून ही तरफदारी किती खरी आहे हे शेतकरी व कारागीर बंधूंनी एकदा नीट तपासून पाहावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

तरफदारी करणारे तीन गोष्टी सांगतात. पहिली ही की, पैसा कोणाच्या खिशात गेला नाही, देवाच्या पदरात पडला. ठीक आहे. आता पाचवीतले पोरही सोडवील असे एक गणित घालतो. सरपंचाचे मानधन सरकारने 2024 साली दुप्पट केले. तरी ते गावच्या लोकसंख्येप्रमाणे महिना 6 हजार ते 10 हजार रुपये एवढेच आहे. सर्वांत मोठा आकडा धरा. महिन्याचे 10 हजार, वर्षाचे 1 लाख 20 हजार, पाच वर्षांचे 6 लाख. ज्या खुर्चीतून पाच वर्षांत 6 लाख हाती येतात, त्या खुर्चीस कोणी 2 कोटी का मोजावे? आमचा शेतकरी बैल घेतो तेव्हा दात पाहतो, चाल पाहतो, आणि हा बैल नांगराला किती वर्षे चालेल याचा हिशेब मांडतो. बोली लावणारा त्याहून भोळा असतो काय? उरलेली रक्कम कोठून वसूल व्हावयाची हे त्यास पक्के माहीत असते. ती वसूल होते तुमच्या रस्त्याच्या खडीतून, नळाच्या पाइपातून, शाळेच्या पत्र्यातून. मग देवास वाहिलेला नारळ तुमच्याच झाडाचा, आणि पुण्य मात्र त्याचे!

दुसरी गोष्ट ते सांगतात ती ही की, निवडणूक झाली की भाऊबंदकी पेटते, डोकी फुटतात. लिलावाने तंटा टळतो. यात थोडे तथ्य आहे हे आम्ही नाकारीत नाही. पंचायतीच्या निवडणुकीपायी सख्खे भाऊ बोलेनासे झालेले आम्ही पाहिले आहेत. परंतु ज्या बैठकीत बोली लागली त्या बैठकीस कोण होते? गावातला लोहार होता काय? कुंभार, न्हावी, परीट होते काय? दोन एकर कोरडवाहू असलेला कुणबी, रोजाने जाणारा मांग, वीटभट्टीवरची बाई यांस कोणी पान-सुपारी देऊन बोलाविले होते काय? आणि बोलाविले असते तरी 2 कोटींच्या बोलीवर त्यांनी काय चढवावे? निवडणुकीत बागाईतदारास एक मत आणि त्याच्या सालगड्यासही एकच मत. मतपेटीपुढे, अथवा हल्लीच्या यंत्रापुढे, वर्षातून नव्हे तर पाच वर्षांतून एकदा, सालगडी मालकाच्या बरोबरीने उभा राहतो. लिलावात ती बरोबरी नाहीशी होते. जो तंटा टळला असे तुम्ही म्हणता, तो टळला नाही. त्या गरिबाचे तोंड बांधले एवढेच झाले.

तिसरी गोष्ट खर्चाची. निवडणूक म्हटली की दारू, मटण, गाड्या, पाकिटे यांत लाखोंचा चुराडा. त्यापेक्षा एकदाच बोली लावून गावकामास पैसा आलेला काय वाईट? यास उत्तर एकच. दारू पाजावी असे कोणत्या कायद्याच्या पुस्तकात लिहिले आहे? घेणारा हात आखडला तर देणारा हात कोठे जाईल? एक चोरी बंद करण्यासाठी दुसरी मोठी चोरी उजळ माथ्याने करावी, हा कोठला न्याय! आता 'बिनविरोध' या शब्दालाही अशीच कल्हई लाविली जाते. त्याच 2020-21 च्या निवडणुकीत काही आमदारांनी बिनविरोध होणाऱ्या गावास लाखो रुपयांचा निधी जाहीर केला होता. गावाने खरोखर एकदिलाने चांगला मनुष्य निवडला तर त्याहून आनंदाची गोष्ट नाही. परंतु एकमत आणि मुकाट्याने बसणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि निधीचे गाजर दाखवून मिळविलेले एकमत हे दुसऱ्या जातीच्या लिलावात जमा होते.

आता या पत्राच्या वाचकांस थोडे मागे नेणे भाग आहे. गावचा अधिकार विकत अथवा वारशाने मिळावा, ही कल्पना आम्हांस नवी नाही. तिचे जुने नाव वतन. पाटीलकी पाटलाच्या पोरास, कुळकर्ण कुळकर्ण्याच्या पोरास. दप्तर एका घरी, अक्षर एका घरी, आणि रयतेने अंगठा उठवावयाचा. कागदावर काय लिहिले आहे ते त्या अंगठ्यास कधी कळले नाही. शाहू छत्रपतींनी 1918 साली कोल्हापूर संस्थानात कुळकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले, तेव्हा केवढा गहजब झाला! पुढे 1950 च्या कायद्याने मुंबई राज्यातील कुळकर्णी वतने गेली, आणि 1962 च्या कायद्याने महाराष्ट्रातील मुलकी पाटीलकीही गेली. सत्यशोधक चळवळीने 1873 पासून ज्या मक्तेदारीवर घाव घातला, ती कायद्याच्या पुस्तकातून अशी पुसली गेली.

मताचा हक्कही असाच दातांच्या कण्या करून मिळालेला आहे. 1919 च्या सुधारणांनी मुंबई कौन्सिलात मराठा व तत्सम जातींस 7 राखीव जागा मिळाल्या, तेवढ्यानेही आमच्या आजे-पणज्यांस आभाळ ठेंगणे झाले होते. परंतु त्या वेळी मत कोणास? ठराविक सारा भरील त्यास, ठराविक मिळकत असेल त्यास. भूमिहीन बलुतेदार आणि बहुतेक सर्व बायका यादीबाहेर. 1935 च्या कायद्याने यादी वाढली, तरी बहुसंख्य प्रौढ माणसे बाहेरच राहिली. मिळकत, शिक्षण, जात, स्त्री-पुरुष असा कोणताही आडपडदा न ठेविता प्रत्येक प्रौढास मत मिळाले ते राज्यघटनेने, आणि ते प्रथम चालविले गेले 1951-52 च्या सार्वत्रिक निवडणुकीत. 1951 च्या खानेसुमारीत शंभरांत जेमतेम अठरा माणसे साक्षर होती. पुष्कळ शहाणे म्हणत होते की, अंगठेबहाद्दर लोकांस मत म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. त्या अंगठेबहाद्दरांनी कोलीत विझू दिले नाही आणि घरही पेटविले नाही. आज लिहिता-वाचता येणारे आम्ही ते विकावयास बसलो आहो.

डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीपुढे जे भाषण केले, त्यात या धोक्याची सूचना स्पष्ट दिली होती. येत्या 26 जानेवारीस आपण एका विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकणार. राजकारणात सर्व समान, पण समाजात व पैशाअडक्यात विषमता तशीच. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने गांजलेले लोक लोकशाहीचा डोलाराच उधळून लावतील, असा त्यांच्या बोलण्याचा भावार्थ होता. त्यापूर्वी, 1932 साली, मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायतीचे बिल आले तेव्हाही त्यांनी कडक टीका केली होती. जातीने चिरफाळलेल्या गावाच्या हाती सत्ता दिली तर ती बलवंताच्या हाती जाईल आणि दुर्बळ भरडला जाईल, ही त्यांची भीती. तो आक्षेप आमच्या वागणुकीने खोटा पाडावयाचा होता. सरपंचकी लिलावात काढून आम्ही तो खरा करीत आहो.

येथे आमच्या बहुजन समाजातील बंधूंस एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वी दप्तर दुसऱ्याच्या घरी होते, तेव्हा आमच्या दुःखाचे खापर त्याच्या डोक्यावर फोडता येत असे, आणि ते पुष्कळ अंशी खरेही होते. आज पंचायत, सोसायटी, साखर कारखाना, दूधसंघ, बँक येथे कोण बसले आहे? आमचेच भाऊबंद. मग हिशेब का दिसत नाही? जोतीरावांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे हाच सवाल टाकिला होता की, पैसा रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस, असे का? तोच सवाल आज आपल्या ग्रामपंचायतीस विचारावा. घरपट्टी सर्वांची, सरकारी निधी सर्वांच्या नावाचा. मग काँक्रीट कोणत्या गल्लीत पडते आणि चिखल कोणत्या आळीत राहतो? खाणारा आपल्या जातीचा आहे म्हणून उपाशी राहणाराचे पोट भरत नाही. कुंपणच शेत खाऊ लागले, मग ते बाभळीचे असो की निवडुंगाचे.

परंतु दोष केवळ पुढाऱ्याच्या माथी मारून मोकळे होणे हाही एक लबाडीचाच प्रकार आहे. सरपंच पाच वर्षांसाठी, ग्रामसभा कायमची. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद. 73 व्या घटनादुरुस्तीने, जी 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली, ग्रामसभेस घटनेत जागा दिली. महाराष्ट्रात वर्षातून निदान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. सबळ कारणावाचून न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. नेहमीच्या सभेपूर्वी बायकांची वेगळी सभा घेतली पाहिजे. एकूण मतदारांपैकी शंभरी 15 अथवा 100 माणसे, यांत जो आकडा लहान असेल तितके लोक आल्यावाचून सभेस गणपूर्ती नाही. इतके सर्व कायद्याने तुमच्या ओटीत घातले आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी गत का झाली ते आता सांगतो. आणि ते सांगताना माझी स्वतःची चूकही सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

काही वर्षांपूर्वी मी ज्या गावी शिक्षक होतो तेथे 26 जानेवारीचे झेंडावंदन झाले, पोरांस खाऊ वाटला, आणि मोठी माणसे पांगली. ग्रामसभेस उरले पंचवीस-तीस लोक. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. तहकूब सभेस गणपूर्ती लागत नाही, ही मेख जाणत्यांस ठाऊक असते. म्हणून पुष्कळ गावी सभा तहकूब होते ती होऊ देण्यासाठीच. पुढल्या सभेस पंधरा माणसे. सरपंचबाई घरी, आणि त्यांच्या खुर्चीत त्यांचे यजमान! ग्रामसेवकाने खर्चाचे वाचन केले. त्यात कुंभारवाड्यातील गटार पूर्ण झाल्याचे वाचले गेले. तेव्हा मागे दारापाशी बसलेली एक म्हातारी कुंभारीण उठली आणि म्हणाली, "बाबा, गटार पुरी झाली म्हणता, तर माझ्या उंबऱ्यात पानी कुठलं येतंया?" सभा हसली. यजमान म्हणाले, "आजी, बसा, बघू नंतर." माझे अक्षर बरे म्हणून इतिवृत्ताची नक्कल करण्यास वही मजकडे आली. मी सर्व लिहिले. म्हातारीचा प्रश्न तेवढा लिहिला नाही. तसे मला कोणी स्पष्ट सांगितले नव्हते. शाळेच्या खोलीचे पत्रे त्याच पंचायतीकडून बदलून घ्यावयाचे होते, एवढेच माझ्या मनात होते. पंधरा जणांच्या सह्या झाल्या, त्यांत माझीही एक.

त्या रात्री मला झोप लागली नाही असे सांगितले तर ते खोटे होईल. झोप लागली. परंतु दुसऱ्या दिवशी वर्गात, कुळकर्ण्याच्या दप्तरात रयतेचे म्हणणे कसे गाळले जात असे, हा विषय मीच मुलांस समजावून सांगत होतो. आणि मधेच माझी जीभ अडखळली. त्या म्हातारीचा नातू समोरच बसला होता. गाळणारा हात आता कोणाचा होता?

पुढे 1 मेच्या सभेपूर्वी मी शाळेतील मुलांच्या आयांस एवढेच सांगितले की, तुमची वेगळी सभा असते, ती मागून घ्या. आणि नंतर मोठ्या सभेसही या. पहिल्याने त्या हसल्या. मग कुंभारवाडा आला, मांगवाडा आला, वस्तीवरच्या बाया आल्या. शंभराच्या वर माणूस जमले. म्हातारीने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी कोणी हसले नाही, आणि प्रश्न वहीत लिहिला गेला. तीन महिन्यांनी गटार खणली गेली. पुरी नव्हे, अर्धीच. उरलेल्या अर्ध्या गटारीसाठी पुढच्या सभेस पुन्हा जावे लागले. या अर्ध्या गटारीत लोकशाहीचे सारे शास्त्र आहे, असे मी समजतो. माणसे जमली तेवढे काम झाले. पांगली तेथे थांबले.

सरपंचबाईंच्या यजमानांबद्दलही दोन शब्द. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींतील निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या खुर्चीत नवरा, दीर अथवा सासरा बसतो आणि बाई चहा करिते, हेही एक वतनच झाले. उलट जी बाई स्वतः कारभार करू लागते तिला खाली ओढावयास सारे एक होतात. जळगाव जिल्ह्यातील विचखेड्याच्या महिला सरपंचास असेच पदावरून दूर केले होते. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करून तिला पद परत दिले. एका गावच्या बाईस आपल्या खुर्चीसाठी दिल्लीपर्यंत जावे लागावे, यात लाज तिची नव्हे, आम्हां पुरुषांची आहे.

गावाची ही कथा, तर वरच्या घराची काय? घटनेत स्पष्ट लिहिले आहे की, जिल्हा परिषद, पंचायत समिती यांची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. तरी 2022 साली मुदत संपलेल्या महाराष्ट्रातील बहुसंख्य जिल्हा परिषदा आरक्षणाचा वाद कोर्टात आहे या सबबीवर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिल्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असा हुकूम दिला, तेव्हा कोठे हालचाल सुरू झाली. या काळात आमच्या शाळांचे अर्ज कोणाकडे जात होते? साहेबाकडे. साहेब चांगला असेल, वाईट असेल. पण तो तुमच्या दारी मत मागावयास येणार नाही, म्हणून त्यास तुमच्या दाराची वाटही ठाऊक नाही. घरधन्यावाचून घर तीन वर्षे चालले, आणि रयतेने साधी ओरडही केली नाही! ज्यांस ग्रामसभेत बसण्याची सवय नाही, त्यांस जिल्ह्याची खुर्ची रिकामी पडलेली दिसावी कशी?

आता कर्तव्य काय ते थोडक्यात सांगतो. तुमच्या गावी लिलावाची कुजबुज कानी आली तर तहसीलदारास व निवडणूक आयोगास कळवा. उमराणे व खोंडामळी येथे निवडणूक रद्द झाली हा दाखला तुमच्या हाती आहे. उभे राहिलेले सर्वच उमेदवार टाकाऊ वाटत असतील तर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे. महाराष्ट्राच्या निवडणूक आयोगाने 2018 साली ठरविले की, स्थानिक निवडणुकीत त्यासच सर्वांत जास्त मते पडली तर निवडणूक पुन्हा घ्यावयाची. खर्चाचा कागद दाखवीत नसतील तर 2005 चा माहितीचा कायदा आहे. 10 रुपयांचे तिकीट लावून अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर दिले पाहिजे. ग्रामसभेस एकटे जाऊ नका, आळीचे चार जण घेऊन जा, आणि विचारलेला प्रश्न वहीत लिहिला गेला की नाही हे वाचून पाहिल्यावाचून सही करू नका. घरच्या बाईस पाठवा, आणि ती बोलू लागली म्हणजे तुम्ही गप्प बसा. आम्हां शिक्षक मंडळींनी तर हे पक्के ध्यानात ठेवावे की, लेखणी हाती असलेल्या माणसाचा गुन्हा दुप्पट असतो.

गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील सांगत आले. त्यातील राव पुष्कळ झाले, गल्लोगल्ली झाले. गाव तेवढा जमावयाचा राहिला आहे. येत्या ग्रामसभेची दवंडी तुमच्या कानी पडेल, अथवा हल्लीच्या रिवाजाप्रमाणे मोबाईलवर निरोप येईल. त्या दिवशी नांगर तासभर थांबला तरी चालेल.

— एक गावमास्तर